162 स्क्रू, 12 बाय 18 फुटांची शेड आणि दहा महिने

जानेवारीत शेडमधल्या बँडसॉच्या, म्हणजे लाकूड चिरायच्या पट्टी-करवतीच्या, टेबलावर दुसऱ्यांदा गंज चढला, तेव्हाच ठरवलं की या शेडबद्दल एकदा लिहून टाकायचं. गंज दुसऱ्यांदा का चढला, ही गोष्ट जरा लांबची आहे आणि तीत माझीही शोभा झालेली आहे.

शेड साधीच, एकपाखी. घोडबंदर रोडला ओवळ्यात आमच्या घराच्या मागील दारी, गेल्या एप्रिलमध्ये बांधली. चौकोनी पाइपचे सहा खांब, वर पाच पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, त्यावर रंगीत पत्रा. पश्चिमेकडे पाच फुटांपर्यंत पत्र्याची आडोशाची भिंत, बाकी तीन बाजू उघड्या. खाली 18 इंची चाकाचा बँडसॉ, 2 एचपी, सिंगल फेज, सगळा ओतीव बिडाचा. जुन्या इमारती पाडतात त्यांतल्या सागवानी चौकटी आणि तुळया आणून मी फळ्या काढतो. निवृत्तीनंतरचा उद्योग, धंदा नाही.

ओंडके चिरत नाही. लाकूड चिरायचं यंत्र म्हटलं की वनखातं आलंच. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिलेल्या आदेशापासून सॉमिलच्या परवान्याचं प्रकरण कडक आहे. मी मशीन घेण्याआधी वनखात्याच्या ऑफिसात दोन खेपा घातल्या आणि काय चालेल, काय नाही ते लेखी मागून घेतलं. तुम्ही घेणार असाल तर तुमच्या मशीनचं आणि तुमच्या लाकडाचं तुम्ही विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

पत्रा मी स्वतः कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणला. शेड बांधणारा फॅब्रिकेटर, तरुण पोरगा, म्हणाला होता, मी आणतो. पण त्यात त्याचे चार पैसे सुटणार, ते कशाला? टेम्पो माजिवड्याला पाऊण तास अडकला, ते वेटिंग भाडं धरलं तर माझे नेमके किती वाचले हा हिशेब मी आजवर केलेला नाही. घेताना एक पाहा: 0.50 मिलिमीटरचा म्हणून विकतात तो पत्रा पुष्कळदा रंग आणि जस्त धरून 0.50 असतो, आतलं नुसतं लोखंड त्याहून पातळ. मायक्रोमीटर लावून काही फायदा नाही, तो रंगासकटच मोजतो. बिलावर काय लिहून देतात ते वाचा.

आता स्क्रू.

ठाण्या-मुंबईत पाऊस 11 जूनच्या आसपास येतो, म्हणून कोबा करायचं काम मी जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवलं होतं. 2025 मध्ये मान्सून 26 मे रोजीच मुंबईत हजर. खाली अजून मुरूम, वर नवा कोरा पत्रा, मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. आणि पहिल्याच रात्री टप, टप, टप. तीन ठिकाणी गळत होतं आणि त्यातलं एक ठिकाण बरोब्बर मशीनच्या टेबलावर. सकाळी प्लॅस्टिक काढलं तर आत पाणी साठून बिडावर तांबूस नक्षी उमटलेली. तो पहिला गंज.

फॅब्रिकेटरला फोन. "काका, पहिल्या पावसात थोडं होतं, वॉशर बसला की थांबेल." आठ दिवसांनी पुन्हा फोन. "साइटवर आहे काका." त्यानंतर फोन उचलणंच बंद. माझ्याकडे त्याचे चार हजार अडकलेले होते, तरी उचलेना. म्हणजे त्यालाही माहीत होतं की भानगड चार हजारांच्या वरची आहे.

शेवटी उघडीप बघून मार्कर घेऊन शिडीवर चढलो. एकूण स्क्रू 162. प्रत्येकाच्या डोक्याखाली वॉशर, म्हणजे लोखंडी चकती आणि तिच्या खाली रबर. त्यांतले 58 इतके आवळलेले की खालचं रबर चकतीबाहेर फुगून चिरलेलं. 21 तिरके. आणि 9 स्क्रू पत्र्याच्या खोलगट भागात मारलेले! पाणी वाहतं कुठून? खोलगट भागातून. तिथेच भोक पाडायचं आणि वर म्हणायचं वॉशर बसेल. आमच्याकडे छपराला स्क्रू उंचवट्यावर मारतात, पूर्वी पत्रा अडकवायचे वाकडे जे-हूकही उंचवट्यावरच असायचे. हे पोराला कोणी शिकवलं नाही, की संध्याकाळ झाली म्हणून हात चालला तिथे मारत सुटला, देव जाणे. शिवाय भोक पडताना निघालेला लोखंडाचा बारीक किस कुणी झाडलेला नव्हता. तो ओला होऊन पत्र्यावर जागोजाग गंजाचे ठिपके धरले होते.

या विषयावर मी घरात इतकं बोललो की जेवताना कुणी नुसतं "पाऊस" म्हटलं तरी सौ. वाटी सरकवून विषय बदलायची. पण ज्याला बांधायची आहे त्याच्यासाठी सांगतो. स्क्रू सरळ बसला पाहिजे आणि रबर चकतीच्या काठाशी जेमतेम डोकावलं की थांबायचं. इम्पॅक्ट मशीनने घर्रकन मारू नका, क्लच असलेलं, म्हणजे ठरावीक जोर लागला की आपोआप सुटणारं, घ्या आणि शेवटची अर्धी फेरी हाताने द्या. मी जूनमध्ये सगळे 88 खराब स्क्रू बदलले. जुन्या भोकात एक नंबर जाडा स्क्रू घातला, खोलगटातली नऊ भोकं बुच मारून बंद केली, त्यांच्याऐवजी शेजारच्या उंचवट्यावर नवे मारले. आकडा 162 चा 162 च राहिला, याचंही एक वेगळं समाधान. खर्च स्क्रू-सीलंट धरून सातशेच्या आत. पाठ आठवडाभर धरली होती, ती फुकट.

मग ऑगस्टची 18-19 तारीख आली. तो पाऊस इथल्या कुणाला आठवण करून द्यायला नको. मी रात्री दोनदा टॉर्च घेऊन गेलो. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की हाक मारली तर ऐकू येऊ नये, आणि खाली एक थेंब नाही. पश्चिमेची झड पाच फुटी आडोशाच्या वरून आत येत होती ती वेगळी गोष्ट, ती मशीनपर्यंत पोचत नाही. पण वरून थेंब नाही! मी भिजलेल्या लेंग्यानिशी तिथे उभा राहून स्वतःवर भलताच खूश झालो. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर फॅब्रिकेटरचा नंबर टाकून वर लिहिलं, "याला काम देऊ नका." तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर इथेच संपला असता.

डिसेंबरात पुन्हा टेबल ओलं.

पाऊस जाऊन महिना उलटला होता. मला वाटलं वरून मांजर गेलं असेल. मग वाटलं, शेजारच्या टाकीचं पाणी उडतंय. चार दिवस त्या टाकीवर पाळत ठेवली. मग शिडी लावून त्या भागातल्या अकराच्या अकरा स्क्रूंवर सिलिकॉन फासलं, मागच्या वेळी एखादा सुटला असेल म्हणून. पाचव्या दिवशी पुन्हा ओलं, त्याच जागी. शेवटी पहाटे साडेपाचला स्वेटर घालून शेडमध्ये जाऊन बसलो. टॉर्च वर मारला तर अख्खा पत्रा खालून ओला, बारीक बारीक मण्यांनी भरलेला. बोट लावलं की मणी मण्याला मिळून उतारावरून घरंगळत यायचा, पर्लिनला अडायचा आणि तिथून टपकन खाली. मधल्या पर्लिनखाली काय आहे? माझं मशीन.

पत्र्याला घाम सुटत होता. रात्री आकाश निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतो. आमच्याकडे खाडी जवळ, हवा दमट. माझ्या तीनशे रुपयांच्या मीटरवर त्या पहाटे 18 अंश आणि आर्द्रता 90 टक्के होती. एवढ्या दमट हवेत पत्रा दोन अंशांनी जरी गार झाला तरी पाणी धरतो. पुढे दोन रात्री ढगाळ गेल्या, त्या दोन्ही सकाळी टेबल कोरडं. तिसरी रात्र निरभ्र, टेबल ओलं. स्क्रूंचा काही संबंध नाही. अकरा स्क्रूंवरचं सिलिकॉन तेवढं अजून पांढरं दिसतंय.

आता खरी बोच. एप्रिलमध्ये तो फॅब्रिकेटर पोरगा म्हणाला होता, "काका, पत्र्याखाली बबल शीट टाकू या, पाणी धरत नाही." बबल शीट म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा चंदेरी थर. छप्पर पागोळ्या धरून 290 चौरस फूट, 16 रुपये फुटाने साडेचार हजारांच्या वर जात होते. मी म्हटलं, अरे मला काय शेडमध्ये झोपायचंय? चंदेरी कागद लावून पैसे काढायचे धंदे. हे वाक्य मी चारचौघांत दोनदा म्हटलेलं आहे, आणि ते ऐकणारे सगळे हयात आहेत.

तरी जूनमधली गळती स्क्रूंचीच होती, ते मी सोडणार नाही. ढगाळ रात्री घाम सुटत नाही हे मीच पाहिलंय. ग्रुपवरचा मेसेज मात्र काढायला गेलो तर तो आता निघत नाही.

बाकीचं थोडक्यात. उन्हाचा मारा दुपारी 12 ते 4 असह्य, तेही बबल शीटने कमी झालं असतं म्हणतात, असो. एकच शीट पारदर्शक टाकली त्याने उजेड उत्तम येतो. जोतं नऊ इंच उचललं हे पैसे वसूल, पाणी एकदाही आत आलं नाही. पश्चिमेची पागोळी दीड फूट हवी होती, नऊ इंचच ठेवली, चूक माझी. भुसा रोज झाडा, मोटरच्या बॉक्सवर आणि वायरिंगवर तो साचला तर पेटायला एक ठिणगी पुरते. शॉक बसायच्या आत वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच बसवलाय, तिथे काटकसर केली नाही. मशीनवर प्लॅस्टिक घालू नका, आत वाफ कोंडते. सध्या टेबलाला मेण घासून वर जुनी गोधडी टाकतो, थेंब ती पिते. रात्रभर भिजली तर सकाळी वाळत घालावी लागते, आणि ही गोधडी कुणाच्या आईची यावरून घरात एक प्रकरण चालू आहे.

मशीन दीड फूट सरकवलं तर काम भागेल, पण फाउंडेशन बोल्ट कोब्यात गाडलेले. शेवटी गेल्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून फॅब्रिकेटरला फोन लावला. माझा आवाज ऐकून तो जरा गप्पच झाला, मग नीट बोलला. शीट पर्लिन आणि पत्रा यांच्या मध्ये जाते, तेव्हा सगळा पत्रा उतरवावा लागणार. म्हणजे सगळे 162 स्क्रू, माझ्या हाताने बसवलेले 88 धरून. शीट वेगळी, मजुरी सहा हजार म्हणाला, घासाघीस करून पाचवर आणला. जुने चार हजार त्याच वेळी द्यायचं कबूल केलं.

"आणि काका, स्क्रू कोण मारणार?"

मीच मारणार म्हटलं. त्याबद्दल मजुरीतून पाचशे वजा करायला लावलेत.