तुर्कस्तानात घरचं जेवण: एस्नाफ लोकांता की पान्सियोन?

हॉटेलातला बुफे टाळून तुर्कस्तानात घरच्यासारखं जेवायचं, तर दोन सोयी आहेत. एक म्हणजे एस्नाफ लोकांता, बाजारातल्या दुकानदार-कारागिरांची खानावळ. दुसरी म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या पान्सियोनात, म्हणजे घरगुती अतिथिगृहात, उतरून त्यांच्या चुलीवरचं खाणं. आम्ही दोघं इस्तंबूलला लोकांतेत जेवलो आणि साफ्रानबोलूला पान्सियोनात राहिलो.

लोकांता मला आवडली. काचेमागे गरम पातेली मांडलेली, बोट दाखवायचं की ताट हातात. मसुरीचं सूप, पांढऱ्या घेवड्याची कुरू फासुल्ये, सोबत लोणी घातलेला भात. भाषेवाचून अडत नाही. फक्त दुपारी वेळेवर पोचावं, चांगली पातेली लवकर रिकामी होतात.

माझं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. बायको शाकाहारी. ‘एतसिझ?’, म्हणजे बिनमांसाचं ना, असं विचारूनच घेवडा घेतला होता. दुसऱ्या घासाला तिला चरबीचा वास आला. वाढणाऱ्याने फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही. घेवडा मात्र हाडांच्या पाण्यात शिजलेला. नेमका प्रश्न ‘एत सुयू वार मी?’, मांसाचं पाणी आहे का, हा मी नंतर शिकलो. पण मागे रांग खोळंबलेली असताना प्रत्येक पातेल्यासाठी तो विचारणं जिवावर येतं. दोन दिवस तिने पाव-दह्यावर काढले आणि शेजारी बसून मला घास गोड लागेना.

साफ्रानबोलू हे जुन्या लाकडी वाड्यांचं गाव, १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. दारात चपला काढल्या, पायात सपाता आल्या, हातावर लिंबाचं कोलोन्या, म्हणजे सुगंधी पाणी, पडलं. घरच्या बाईंना ‘तेयझे’ म्हणायचं. शब्दाचा अर्थच मावशी. ‘एत सुयू’ एवढं ऐकताच त्यांनी बायकोला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि झाकणं उघडून दाखवली. संध्याकाळी द्राक्षाच्या पानांची सार्मा होती, ऑलिव्ह तेलातली, आत भात आणि बेदाणे. बिनमांसाच्या अशा सार्मेला तिकडे ‘यालांजी’, खोटी, म्हणतात. गुंडाळायला बायकोही बसली. तिचा हात अळूवडीचा, तिने पान घट्ट आवळलं. तेयझेंनी ते सोडवून सैल गुंडाळलं आणि तांदूळ कसा फुगतो ते बोटं पसरून दाखवलं.

पान्सियोनात काय शिजणार ते तेयझेच ठरवतात, जेवायचं सकाळीच सांगावं लागतं आणि रात्री वेळेवर परतावं लागतं. रोज नवी गल्ली धुंडाळणाऱ्याला हे जाचेल कदाचित. शिवाय पेल्यावर चमचा आडवा ठेवेपर्यंत चहा येतच राहतो.

एकट्या, मांसाहारी प्रवाशाला मी लोकांताच सुचवेन. बरोबर शाकाहारी माणूस असेल तर मात्र निदान दोन रात्री अशा घरात काढाव्यात, असं मला वाटतं. बुकिंग करतानाच रात्रीचं जेवण घरात शिजतं का ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी फक्त न्याहारी मिळते. आणि जेवून उठताना ‘एलिनिझे साअलिक’ म्हणा. तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असा त्याचा अर्थ.