कमोडोर १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह: नवा बेल्ट घालून स्पीड सेट केल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा

बेल्ट बदलून स्पीड लावला त्याला आता अख्खा पावसाळा झाला, वरती उन्हाळाही गेला, म्हणून आता खात्रीनं लिहितोय. ड्राइव्ह अजून ३०० वरच आहे, म्हणजे डिस्क मिनिटाला ३०० फेरे (आरपीएम) घेते, तेवढाच वेग याला लागतो. गार असताना जरा इकडेतिकडे होतो पण गरम झाला की जागेवर येतो. मामांनी मस्कतहून आणलेला कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर आहे, त्याच्याबरोबरचा हा जुना १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह, मोटरवरून बेल्टनं डिस्क फिरवणारा. आमच्याकडं बेळगावात असलं मशीन उघडून बघणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळं कुणाला उपयोग झाला तर बरंच की.

त्रास असा होता की इथं लिहिलेली डिस्क इथं चालायची, पण निपाणीच्या मित्राच्या ड्राइव्हवर कधी चालायची कधी एरर. बहुतेकजण लगेच हेड अलाइनमेंट (डिस्क वाचणारं हेड जागेवरून सरकणं) म्हणतात, आणि १५४१ मध्ये ते बिघडतंही, खोटं नाही. पण आधी स्पीड बघा, कारण प्रोग्रॅमनं ते बघायला काही सोडवावं लागत नाही. वाचताना हा ड्राइव्ह थोडाफार फरक सांभाळून घेतो, खरा घोळ लिहिताना होतो, कारण तुमच्या वेगाची चूक डिस्कवर कायमची छापली जाते. ३०० च्या वेगाला एक फेरा २०० मिलिसेकंदाचा, बाहेरच्या ट्रॅकवर (डिस्कवरच्या गोल रेघेवर) साधारण ७,६९२ बाइट मावतात आणि त्यात २१ सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, बसवायचे असतात. वेग ३०४ झाला की तिथले शंभरेक बाइट कमी होतात, म्हणजे शेवटच्या सेक्टरमागची मोकळी जागा आटते.

माझं रीडिंग २९२ ते २९६ च्या मध्ये सारखं हलत होतं. हलतंय हेच महत्त्वाचं, बघा. नुसता कमी असता तर वेग लावायचा स्क्रू फिरवून काम झालं असतं, पण हलतोय म्हणजे बेल्ट घसरतोय. यात एक गोष्ट नीट समजून घ्या: वेग सांभाळणारं सर्किट मोटरचा वेग बघतं, डिस्क फिरवणाऱ्या चाकाचा नाही. बेल्ट घसरला तर त्याला पत्ताच लागत नाही, मोटर आपली बरोबर फिरतेय म्हणून ते गप्प. म्हणून बेल्ट पहिला. खडेबाजारात टेपरेकॉर्डरचे बेल्ट मिळतात, पण याला चपटा आणि लांब लागतो, तो ऑनलाइनच मागवावा लागला. चाक आणि मोटरची पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, काळपट चिकट रबर निघालं केवढं तरी. नवा बेल्ट घातला तर सरळ ३०४! याचा अर्थ आधी कुणीतरी ढिल्या बेल्टवरच स्क्रू वाढवून ठेवला होता. बेल्टची जाडी बदलली तरी वेग थोडा बदलतो, त्यामुळं नव्या बेल्टनंतर परत मोजायचंच.

आता मोजायचं कसं, तर ड्राइव्ह उघडून उलटा केला की मोठ्या चाकावर काळेपांढरे पट्टे दिसतात, दोन रिंगा. एकीत २० पट्टे, एकीत २४. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २० वाली बघायची. जुनी तांब्याच्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, चाक सेकंदाला ५ फेरे घेतं, पाच विसे शंभर, म्हणून पट्टे थांबल्यासारखे दिसतात. पट्टे फिरायच्या दिशेला सरकले तर वेग जास्त, उलटे सरकले तर कमी. सेकंदाला एक पट्टा सरकला तर फरक ३ आरपीएमचा, म्हणजे एक टक्का. चुकून २४ वाली रिंग धरली आणि ती थांबेपर्यंत स्क्रू फिरवला तर ड्राइव्ह २५० वर येऊन बसतो, त्यामुळं पट्टे मोजूनच सुरुवात करा. आणि घरात आता सगळीकडं एलईडी झालेत, त्यात हे नीट दिसत नाही, आमच्या माडीवर एक जुनी ट्यूब राहिली होती ती उपयोगी पडली. वीज गेलेली असताना इन्व्हर्टरवर हे करू नका, त्याची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० असेलच असं नाही.

पट्ट्यांवर अंदाज घेतला की बाकीचं काम प्रोग्रॅमनं. १५४१ च्या आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, त्याचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून येतं, त्यामुळं कॉम्प्युटर पाल टीव्हीचा असो की एनटीएससी टीव्हीचा, आकडा तोच. एका फेऱ्याला २,००,००० मायक्रोसेकंद आले की झालं. माझा विश्वास बसावा म्हणून उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमधून टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) आणून चाकावर चमकता स्टिकर लावून पण बघितलं, जुळलं.

स्क्रू फिरवताना ड्राइव्ह किमान अर्धा तास चालू ठेवा, आत डिस्क घालून, कारण डिस्कचं घासणं पण वेगात धरायला पाहिजे. हा स्क्रू म्हणजे सर्किटवरचा छोटा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर), तो जुना असतो, आधी चार वेळा मागंपुढं फिरवून मग हळूच लावा, केसभर हललं तरी आकडा पळतो. नीट बसला की नेलपॉलिशचा एक थेंब टाकून पक्का करा. आणि जुन्या १५४१ च्या आतच २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय आहे, उघडून चालू असताना मागच्या बाजूला हात नको, प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर घ्या.

नंतर काय झालं ते सांगतो. जूनपासून पाऊस लागला की आपल्याकडं, विशेष खानापूरच्या बाजूला, सगळं ओलसर, डिस्कवर पांढरी बुरशी. बुरशीवाली डिस्क घातली की रीडिंग लगेच खाली जायला लागलं आणि हेडवर घाण बसली. तेव्हा मी स्क्रूला हात लावला नाही, हेड पुसलं, स्वच्छ डिस्क घातली, परत ३००. तेव्हापासून डिस्का स्टीलच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. निपाणीला पाठवलेल्या डिस्का आता तिकडं सरळ लोड होतात, तिकडच्या इथं होतात, मला एवढंच पाहिजे होतं. काही कॉपी प्रोटेक्शनवाले गेम वेगाबद्दल फार कडक असतात, आधी अर्धवट अडकायचे, त्यातले बरेच चालतात आता. जे अजून अडतात त्यांचं हेड अलाइनमेंट बघावं लागेल, ते वेगळं काम आहे आणि ते मी अजून काढलेलं नाही.

ज्यांच्याकडं नंतरचं १५४१-टू मॉडेल आहे त्यांना बेल्टची भानगडच नाही, त्यात मोटर सरळ चाकालाच आहे. बेल्टवाला असेल तर बेल्टाचे पैसे बिनधास्त घाला, फक्त रीडिंग हलतंय की स्थिर आहे ते बघितल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.