'शुगर मारणाऱ्या' पावडरीपासून सावध राहा

आमच्या भागात भरलेल्या 'मोफत मधुमेह शिबिरा'तून आणलेल्या पावडरीने आई मरता मरता वाचली. ही मंडळी गावोगाव फिरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पावडर दाखवायच्या आधी ते प्रत्येकाला एक हिरवं पान चावायला देतात. मग जिभेवर चमचाभर साखर. साखर गोड लागतच नाही, नुसती वाळूसारखी कचकचते! "बघा मावशी, तोंडातली मारली, आता रक्तातलीही मारणार." सगळी रांग थक्क. आईनेही तिथल्या तिथे पैसे काढून दिले.

पान गुडमारचं होतं, म्हणजे अस्सलच. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोड चव काही वेळ बधिर करतात. आंबट, खारट कळतच राहतं आणि थोड्या वेळाने गोडही कळायला लागतं. गुडमारवर मधुमेहासाठी संशोधन झालंय, पण जिभेवरच्या या प्रयोगाचा रक्तातल्या साखरेशी काडीचा संबंध नाही.

पावडरीने शुगर मात्र खरोखर उतरली, आणि तिथेच घात झाला. डॉक्टरांच्या गोळ्याही चालूच होत्या. एका पहाटे आई घामाने डबडबलेली, जीभ जड झालेली, मला ओळखेना. ग्लुकोमीटरवर ४१. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आली, पण दुपारी शुगर पुन्हा कोसळली. तेव्हा डॉक्टरांना संशय आला. त्यांनी पुडी मागवून घेतली आणि तपासायला पाठवली. अहवालात ग्लिबेनक्लामाइड निघालं. मधुमेहाची अ‍ॅलोपॅथीची गोळी, कुटून पाल्यात मिसळलेली! तिचा अंमल दिवसभर राहतो; वयस्कर आणि किडनी कमजोर असलेल्यांना तर ती फारच घातक.

झाडपाल्यात गुण असतात, हे मी मानतेच. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीची पाळंमुळं युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीपर्यंत जातात. पण तिच्यातलं गॅलेगीन विषारी निघालं. त्याच कुळीचं सुरक्षित रसायन फ्रान्समध्ये मधुमेहींना द्यायला १९५७ साल उजाडलं. इतकी पारख झाल्यावर ती गोळी आपल्या हातात येते. आणि इथे किती मिलीग्रॅम पोटात जातंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्या पुडीवर लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्सपायरी नाही. फक्त धन्वंतरीचं चित्र. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय. तुमच्या घरात अशी पुडी असेल तर आजच थांबवा, पण फेकू नका. डॉक्टरांना दाखवा, तक्रारीला तीच पुरावा आहे. आणि वयस्कर माणसाला असा घाम फुटून भ्रम झाला, तर आधी शुगर तपासा.