तलवारीच्या देखभालीचा संच : तेल उत्तम, पावडर जपून

जपानी तलवारीच्या देखभालीसाठी जपानमधल्या सेकी शहरातल्या एका दुकानातून 3,000 येनच्या आसपास हा संच घेतला, त्याला आता दोन वर्षं झाली. लाकडी पेटीत लवंगेच्या वासाचं चोजी तेल, उचिको पावडरची रेशमी गाठोडी लावलेली काडी, पुसायचे कागद आणि मेकुगी काढायची पितळी हातोडी आहे. मेकुगी म्हणजे मुठीतून आरपार जाणारी बांबूची खुंटी.

तेलाला पैकीच्या पैकी गुण. दोनच थेंब कापडावर घ्यायचे आणि पात्याच्या पाठीकडून धरून हबाकीपासून (पात्याच्या बुडाशी बसवलेल्या धातूच्या पट्टीपासून) टोकाकडे एकाच दिशेने पुसायचं. थर इतका पातळ हवा की हामोनची, म्हणजे धारेलगत दिसणारी ती धुक्यासारखी रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. जास्त तेल म्यानात मुरतं, मग म्यानाच्या होनोकी (जपानी मॅग्नोलिया) लाकडात धूळ चिकटते.

कागद मात्र कडक निघाले. हातात चांगले चुरगळून मऊ केल्याशिवाय पात्याला लावूच नका. आता मी धुतलेलं मऊ सुती कापडच वापरते. उचिको म्हणजे दगडाचीच बारीक पूड. सारखी वापरली की पॉलिशवर बारीक चरे येतात, म्हणून जुनं तेल खरंच घट्ट झालं असेल तेव्हाच लावते.

पेटीतल्या चिठ्ठीत एक गोष्ट राहून गेली आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं: नाकागोवरचा, म्हणजे पात्याच्या मुठीच्या आत जाणाऱ्या भागावरचा काळपट गंज कधीही घासू नका. तलवारीचं वय ओळखायला तो गंज मदत करतो. आणि पातं उघडं असताना बोलू नका, थुंकीचा एक कणही डाग पाडतो.