३ सीटर इन्फ्लेटेबल कयाक: तलावावरच्या फॅमिली सुट्टीसाठी घ्यावी का?

आधी निकाल सांगून टाकते, मग सविस्तर. कयाक (हवा भरून फुगवायची, वल्ह्याने चालवायची अरुंद बोट) चांगली आहे, घ्या. बॉक्सवरचं '३ माणसं' मात्र मनावर घेऊ नका, आणि कॉम्बोमध्ये जी लाइफ जॅकेटं येतात त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय ते लहान मुलं असतील तर नक्की वाचा.

घेतली कशाला, तर दर सुट्टीत तलावावर गेलं की बोट भाड्याने घ्या, रांगेत थांबा, आणि पोरं जरा रमली की लगेच वेळ संपली म्हणून किनाऱ्यावरून शिट्टी, याचा वैताग आला होता. टणक कयाक गाडीच्या टपावर बांधून न्यायची हौस आमच्यात कोणाला नाही. ही डिकीत मावते आणि बॅगेसकट एकट्या माणसाला उचलता येते (कण्हत कण्हत, पण येते).

सगळ्यात मोठा प्लस म्हणजे हिचा तळ. स्वस्तातल्या कयाकला खाली एअर मॅट्रेस टाइप नळ्या असतात, बसलं की मध्ये खड्डा पडतो आणि वल्हं मारलं की बोट पुढे कमी जाते, डोलतेच जास्त. हिचा तळ ड्रॉप-स्टिच आहे, म्हणजे वरचं आणि खालचं कापड आतून असंख्य धाग्यांनी बांधलेलं असतं, त्यामुळे जास्त प्रेशरने हवा भरली तरी त्याचा फुगा होत नाही, फळीसारखा सपाट राहतो. तळात ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि बाजूच्या नळ्यांत ३ भरायची असं व्हॉल्व्हच्या शेजारीच छापलंय. सोबतचा पंप वर-खाली दोन्हीकडे हवा मारतो, तरी तळाचे शेवटचे दोन पीएसआय भरताना दंड भरून येतात, ते काम मी सरळ नवऱ्यावर सोडते.

हवेचं एक लक्षात ठेवा, मॅन्युअलमध्ये कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे म्हणून सांगते. किनाऱ्यावर उन्हात भरलेली बोट गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि बोट जरा लुळी पडते, तेव्हा दहा मिनिटं पाण्यात ठेवून मग परत थोडी भरायची. आणि जेवायला बाहेर आलात आणि बोट तशीच टम्म भरलेली कडक उन्हात ठेवली तर उलटं होतं, सकाळी १५ अंशाला भरलेले ३ पीएसआय ४५ अंशाला सहज साडेचारच्या आसपास जातात, शिवण उसवते ती अशानेच. सावलीत ओढायची, नाहीतर थोडी हवा सोडायची.

आता ते '३ माणसं'. दोन मोठे आणि पुढे एक लहान मूल, एवढंच. तीन मोठे बसले की मागच्याचे गुडघे मधल्याच्या पाठीत आणि वल्हं कोणालाच नीट मारता येत नाही. वजनाची मर्यादा २०० किलो दिलीय पण ती बोट तरंगते तिथपर्यंतची, मजेत चालते तिथपर्यंतची नव्हे. शिवाय तलावाचं गोडं पाणी समुद्रापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाला बोट थोडी जास्तच खाली बसते.

चालायला सरळ जाते, पण फक्त मागचा फिन (तळाखाली लावायचा माशाच्या परासारखा तुकडा) लावला तरच. फिन नसेल तर प्रत्येक वल्ह्याला नाक फिरतं आणि घरात भांडणं होतात. तो खाली हाताच्या पंजाएवढा निघतो, त्यामुळे किनाऱ्याला दगड असतील तर गुडघाभर पाण्यात उतरूनच बोट बाहेर घ्या.

वारा हा हिचा खरा दुश्मन. हवेची बोट हलकी आणि पाण्याच्या वर जास्त, त्यामुळे वारा ढकलतो तशी जाते. किनाऱ्याकडून आत वारा वाहत असेल तर काठाजवळ पाणी मस्त शांत दिसतं आणि आत गेल्यावर कळतं की परत यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर वल्हवायचंय. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जायचं, दमलात की वाराच आणून सोडतो. लांबट तलावावर लाटा पण पटकन उठतात, आखूड आणि उभ्या, दुपारनंतर तर आम्ही काठ सोडतच नाही.

लाइफ जॅकेट. कॉम्बोमधल्या जॅकेटांच्या आत बघा, ५० न्यूटन लिहिलंय, म्हणजे जॅकेट किती जोराने वर तरंगवतं त्याचं माप. ही पोहता येणाऱ्या माणसाला आधार म्हणून असतात, बेशुद्ध माणसाला उताणं करत नाहीत. कंपनीच्या फोटोत मात्र हीच जॅकेटं घालून तीन-चार वर्षांची पोरं बसलीत, हे मला अजिबात पटलं नाही. लहानांना १०० न्यूटनचं, मानेला कॉलर असलेलं आणि दोन पायांमधून पट्टा जाणारं जॅकेट वेगळं घ्या. घालून झालं की खांद्याला धरून वर उचलून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर साइझ मोठा आहे. आणि उन्हाळा आहे म्हणून पाणी कोमटच असणार असं समजू नका, खोल तलावात वरचा थर तापतो, खाली पाय सोडले की गारठा. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं तर पोहणाऱ्याचाही श्वास अडखळतो, तेव्हा जॅकेट डिकीत असून काय उपयोग.

पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर त्या दिवशी बोट बॅगेतच राहू द्या. निळ-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं आणि या बोटीत माणूस इतका खाली बसतो की पाणी तोंडावर उडतंच. कुत्रा नेणाऱ्यांनी तर जास्तच जपा, तो अंग चाटतो.

वाळवणं हा हिचा मायनस. तळ आणि नळ्यांच्या मधल्या फटीत पाणी साचून राहतं, वरून कोरडी वाटली तरी दुसऱ्या दिवशी बॅगेतून कुबट वास. तळ बाहेर काढून ती फट पुसावी लागते, कंटाळा येतो पण करा, कारण नुसता वासाचा प्रश्न नाही. झेब्रा शिंपल्यांची (नव्या तलावात झपाट्याने पसरून उपद्रव करणारे छोटे पट्टेदार शिंपले) डोळ्यांना न दिसणारी पिल्लं अशाच उरलेल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या तलावांच्या भागात ते १९८८ मध्ये सापडले आणि तिथून बोटींबरोबर कुठल्या कुठे पसरले, बऱ्याच ठिकाणी आता बोट तपासल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत.

रिपेअर किटमध्ये पॅच चांगले आहेत पण गोंदाची ट्यूब आमच्याकडे आली तीच वाळलेली, कस्टमर केअरला मेल केला तर 'आपला फीडबॅक महत्त्वाचा आहे' एवढंच उत्तर. पीव्हीसीला चालणारा गोंद आधीच घेऊन ठेवा, आणि पॅच लावल्यावर दिवसभर हवा भरू नका.