दुधाच्या दाढेखालची गाठ: अख्खी काढायची की खिडकी करायची?

दात यायच्या बेतात असताना हिरडीवर निळसर फुगा आला असेल, तर सहसा घाबरायचं कारण नाही. तो बहुतेकदा आपसूक फुटतो. मी बोलतोय ते किडलेल्या दुधाच्या दाढेच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीबद्दल, आमच्या पोरीला झाली तशी. ती दुखतेच असं नाही. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला की काळा गोल डाग दिसतो आणि खालची कायमची उपदाढ बाजूला ढकललेली. उपाय दोन: गाठ अख्खी काढायची, किंवा तिला भोक पाडून ते उघडं ठेवायचं, म्हणजे खिडकी. दुधाची दाढ दोन्ही उपायांत जातेच.

गाठ आवरणासकट काढली की विषय एकदाचा मिटतो. सगळीच्या सगळी तपासणीला जाते, ही मोठी जमेची बाजू. पण गाठ मोठी असली, तर खालच्या कच्च्या दाताला धक्का लागू शकतो, कधी तोही काढावा लागतो. शिवाय लहान मुलांना त्यासाठी बहुधा पूर्ण भूल देतात. आमचं घोडं अडलं ते इथे. सोलापुरात गड्ड्याची यात्रा झाली की घरात कुणाचं ना कुणाचं नाक वाहतंच. तारीख ठरायची, पोरगी पहाटेपासून उपाशी, आणि भूलतज्ज्ञ छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणायचे, "खोकला आहे, आज नको." त्यांचं बरोबरच होतं. पण भुकेनं रडणाऱ्या पोरीला घेऊन सात रस्त्यावरून परत येताना हिची आणि माझी भांडणं व्हायची.

शेवटी खिडकी केली. जागा बधिर करून दाढ काढली, गाठीला तोंड पाडलं, आवरणाचा तुकडा तपासणीला दिला आणि भोक बुजू नये म्हणून छोटी प्लेट बसवली. आतला दाब गेला की हाड हळूहळू भरतं आणि उपदाढ पुष्कळदा आपली आपण वर येते. आमची येतेय, जरा तिरकी.

त्रास यातही आहे. प्रत्येक जेवणानंतर सिरिंजनं सलाइन मारून भोक धुवायचं. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा कण अडकला, तर पोरगी तोंड उघडत नाही. भोक भरत येईल तशी प्लेट घासून लहान करून घ्यावी लागते, त्याच्या फेऱ्या महिनोन्‌महिने चालतात.

म्हणून मूल खुर्चीत बसतच नसेल, किंवा करमाळ्याकडून दर वेळी यायचं असेल, तर अख्खी काढणंही चुकीचं नाही. गाठ लहान आणि कच्च्या दातापासून लांब असली तर मीही कदाचित तेच केलं असतं. ओपीजी समोर ठेवून डॉक्टरांना एवढंच विचारा: खालचा दात वाचेल का?