आयुष्मान वय वंदना कार्ड : काही महिने वापरल्यानंतर

सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं हे कार्ड मिळतं. त्यावर रुग्णालयात भरती होऊन वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. योजना 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली. हप्ता शून्य, उत्पन्नाची अट नाही, आणि मधुमेह-हृदयविकारासारखे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. या वयात बाजारातल्या पॉलिसीत असं मिळणं अवघडच.

कार्ड आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या निघतं. कागद एकच, आधार. वयही त्यावरूनच ठरतं, म्हणून जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, मशीन ते उचलत नाही. अशा वेळी चेहऱ्याने पडताळणी करा: आधार फेस आरडी अ‍ॅप टाका, चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करून बसवा आणि सूचना आली की सावकाश पापण्या मिटायला सांगा. पाठीमागे उजेड असला की हमखास अडतं.

हे वर्षाचे 5 लाख माणशी नाहीत. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले तर रक्कम दोघांत मिळून. घर आधीपासून आयुष्मान भारतमध्ये असेल, तर ज्येष्ठांचे 5 लाख वेगळे.

खरी अडचण रुग्णालयात येते. रुग्णालयाचं नाव योजनेच्या यादीत आहे म्हणून थेट भरती होऊ नका. रुग्णालयं विभागवार अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेली असतात. मूत्रपिंडाचा विभाग योजनेत आणि हाडांचा नाही, असं होऊ शकतं. महाराष्ट्रात काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) नेमक्या शस्त्रक्रियेचं नाव सांगून विचारा आणि भरती होतानाच कार्ड दाखवा. योजना कॅशलेस आहे, आपण भरलेलं बिल नंतर लावून परतावा मागायची सोय नाही. भरतीआधीचे 3 आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरलेले आहेत. रोजच्या बीपीच्या गोळ्या, ओपीडी मात्र नाही.

सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना, असलेल्या पेन्शनरांनी घाई करू नये. दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. तिथे वर्गणी महिना 250 ते 1,000 रुपये, दहा वर्षांची एकरकमी भरली की आयुष्यभराची सोय. आणि ओपीडीची औषधंही मिळतात. ती सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असेल तर मात्र दोन्ही ठेवता येतं. खासगी पॉलिसी झेपत असेल तोवर बंद करू नका, नवी घेताना जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. शंकेसाठी 14555 हा नंबर आहे.